कलकत्त्याची बाई माहेरला गेली

जोतीरामनं वखारीचं दार ढकललं तेव्हा उजेड आत आला, भिंतीवरचं चित्र पुसलं गेलं आणि गुंडू शेटनं त्याला आधी एक शिवी दिली. कोण आहे ते मग विचारलं.

वखार शेटची, गुळाची. हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून रिकामी होती. नवा सिनेमा आला की तंबूत लावायच्या आधी आम्ही तो इथं दारं लावून एकदा बघायचो. शेट मशीन फिरवायचा आणि मी भिंतीसमोर उकिडवा बसून गोष्ट समजून घ्यायचो. कारण संध्याकाळी पडद्याशेजारी स्टुलावर उभं राहून ती मलाच सांगायची असायची. तेव्हा सिनेमा मुका होता. मधे मधे पाट्या यायच्या, त्या इंग्रजीत नाहीतर आणखी कुठल्या भाषेत. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. सिनेमाच्या आधी मी गुळाच्या सौद्यात हाळी देत होतो. आवाज मोठा आहे एवढ्यावर शेटनं मला सिनेमात ओढलं होतं. आम्ही एका तालमीतले, म्हणून अरे-तुरेत बोलायचो.

जोतीराम नेसरीचा, माझ्या सासुरवाडीचा. गडहिंग्लजहून मोटारीनं आला होता आणि धुळीनं पांढरा झाला होता.

"पावणं," तो दारातूनच म्हणाला, "सुगराक्का गेली."

सुगरा माझी बायको. तिची आई बिबीजान तापानं पडली म्हणून ती तिचं करायला नेसरीला गेली होती.

"कवा?" मी विचारलं.

"परवा, दिवस मावळताना. काल सकाळी माती दिली. त्योच ताप. म्हातारी उठून बसली, भाकरी खातीया आता. आन् हिला धरलं."

मी म्हणालो, "पाणी घेता काय?"

"घेतो की," जोतीराम म्हणाला.

तो पाणी पिऊन झाला. शेट मशीनच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं, "लालासाब, निघतोस काय?"

"माती झालीया म्हणतोय न्हवं," मी म्हणालो.

"व्हय." तो मशीनकडं बघत म्हणाला, "शेवटचं रीळ तेवढं ऱ्हायलंय. बघून जातोस?"

मी दार लावून घेतलं आणि परत भिंतीसमोर बसलो. जोतीराम माझ्याशेजारी बसला. त्यानं आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. भिंतीवर एक बाई अंथरुणाला खिळली होती, तिच्या उशाशी दुसरी बाई बसली होती. एक माणूस नावेतून येत होता आणि नावाड्याला घाई करत होता. मग अंथरूण रिकामं दिसलं. मग नदीच्या घाटावर धूर दिसला. माणूस नावेतून उतरला आणि पायरीवर बसला. सिनेमा संपला.

जोतीराम बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ही बी?"

जाताना त्यानं विचारलं, "येताय न्हवं?"

"शुक्रवारी येतो म्हणून सांगा," मी म्हणालो.

सिनेमा कलकत्त्याच्या कंपनीचा होता. बंगालीतल्या कुठल्याशा थोर कादंबरीवरून काढला होता. ती कादंबरी मराठीतही आलेली आहे आणि शिकलेल्या घरांत बायका ती वाचून डोळे पुसतात, असं शेटला कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्या भरवशावर त्यानं तो मागवला. आम्हा दोघांपैकी कुणी ती वाचली नव्हती. रिळांच्या डब्यांबरोबर गोष्टीचा कागद यायचा, तो वाटेत कुठंतरी पावसात भिजला आणि त्याचा लगदा झाला. इंग्रजी पाट्या वाचून दाखवायला आजरेकर मास्तरांना बोलावलं होतं. पण त्यांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. त्यांनी निरोप दिला, "चित्र आहे, बघून कळेलच."

बघून मला असं कळलं. नदीकाठी मोठं घर. त्यात एक तरुण मुलगा, कलकत्त्याला असतो, सुट्टीत येतो. घरात दोन बाया. दोघींची लुगडी पांढरी. एकीचे केस कापलेले, तिच्या लुगड्याला काठ नाही. दुसरीच्या लुगड्याला काळा काठ आणि डोक्यावर पदर. गळ्यात डोरलं दोघींच्याही नाही. हिरवी बांगडी दोघींच्याही हातात नाही. कोल्हापुरात असलं कुणी पाहिलं तर विचारायची गरज पडत नाही. दोघी विधवा. केस कापलेली मी स्वयंपाकीण ठरवली आणि पदरवाली त्या मुलाची विधवा भावजय.

पहिल्या खेळाला तंबू निम्मा भरला. बायकांची बाजू कनातीपलीकडं. तिथं सगळ्यांत पुढं चिमणाबाई बसायची. तंबूच्या दारात ती फुटाणे विकायची आणि खेळ सुरू झाला की टोपलीसकट आत यायची. तिकीट तिला कुणी विचारत नव्हतं, विचारायची कुणाची टाप नव्हती. तिचा नवरा जाऊन वर्षं झाली होती.

मी सुरुवात केली. "बघा मंडळी, ही बिचारी भावजय. कपाळ मोकळं. दिवसभर राबतीया. ही स्वयंपाकीण. आन् हा धाकटा दीर, कलकत्त्याला शिकतोय, गुणी पोरगा."

सगळं नीट चाललं होतं. दुसऱ्या रिळात गुणी पोरगा सुट्टीला आला, इकडं तिकडं बघितलं आणि भावजयीला मिठी मारली.

तंबूत शिट्ट्या झाल्या. तालमीतली पोरं उभी राहिली. कनातीपलीकडून चिमणाबाईचा आवाज आला, "आरं, भावजय हाय न्हवं ती? आईसारखी! भाड्या, सोड तिला!" एक फुटाणा पडद्यावर येऊन आपटला. शेट मशीनमागून मला खुणा करत होता. रीळ फिरतच होतं, पोरगा आता तिच्या केसात फूल माळत होता.

मी ओरडलो, "थांबा! थांबा! पाट लावलाय!"

तंबू गप्प झाला.

"थोरला भाऊ वारला," मी म्हणालो, "मग घरच्यांनी बसून इचार केला. पोर तरणी हाय, आयुष्य कसं काढंल? धाकट्यानं पाट लावला तिच्याशी. रीतसर."

"मग आधी सांगाय काय झालं तुला?" चिमणाबाई म्हणाली.

मागून कुणीतरी म्हणालं, "दरबारचा कायदाच हाय आता. विधवंचं लगीन लागतंय." त्यावर टाळ्या पडल्या. मिठीलाही पडल्या. कलकत्त्याच्या त्या थोर माणसानं काय लिहिलं होतं ते त्याला माहीत. कोल्हापुरात तिसऱ्या रिळापर्यंत त्याची गोष्ट विधवेच्या पुनर्विवाहाची झाली होती आणि लोकांना पसंत होती.

मग शेवटचं रीळ लागलं. नाव आली, अंथरूण आलं. बाई मरते हे मला ठाऊक होतं. वखारीत मी ते बघितलं होतं. "मेली" एवढा एक शब्द बोलायचा होता. सौद्यात मी दिवसभर हाळी दिली आहे, माझा घसा कधी बसला नाही. त्या वेळी रिकामं अंथरूण पडद्यावर आलं आणि माझा आवाजच निघेना. लोक वाट बघत होते. शेटनं मशीन हळू केलं.

"माहेरला गेलीया," मी म्हणालो.

"आन् धूर कसला त्यो?" एक पोरगा.

"दुसरं कुणीतरी असंल. घाट हाय. घाटावर धूर असतोयच."

"मग ह्यो का रडतोय?"

"बायको माहेरला गेल्यावर माणूस काय करील?"

पुरुषांची बाजू हसली. लोक खुशीत बाहेर पडले. चिमणाबाई टोपली उचलत मला म्हणाली, "कवा येणार रं ती परत?"

"येईल की," मी म्हणालो.

बाई विधवा झाली की गल्लीला सांगावं लागत नाही. बांगड्या फुटतात, पोत तुटते, आमच्यातही आणि हिंदूंतही. पुरुषाचं काही फुटत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच टोपीत, त्याच सदऱ्यात नळावर पाण्याला गेलो. शेजारची खैरुनबी म्हणाली, "क्या जी, सुगरा कब आती?" मी म्हणालो, "अम्मी के घर है." त्यात खोटं काही नव्हतं. ती तिथंच होती. न्हाव्यानं विचारलं, चिमणाबाईनं विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. रात्री सांगायचं तेच दिवसा सांगत होतो. दोन्हीकडं कुणी शंका घेतली नाही. शेटला ठाऊक होतं, पण शेट धंद्यात होता.

शुक्रवार आला तेव्हा तंबू भरायला लागला होता. शेट म्हणाला, "एवढा आठवडा काढ बाबा. तुझ्याबिगर कोण बोलणार?" मी लगेच हो म्हणालो. त्यानं आणखी आग्रह करायची तयारी ठेवली होती, ती वाया गेली.

गर्दी बायकांची होती. शिकलेल्या घरांत त्या गोष्टीवर डोळे पुसत असतील, पण बाकीच्या बायकांना रडायला तंबूत यायची गरज नव्हती. घरात मुबलक होतं. इथं कुणी मरत नाही, विधवेला नवरा मिळतो आणि तो ती माहेरी गेल्यावर रडत बसतो, हे बघायला त्या सासवांना घेऊन येऊ लागल्या. गंगावेशीत पहाटे म्हशी पिळतात तिथं माणसं पेला हातात घेऊन धारेची वाट बघत उभी असतात. तिथंही हाच विषय होता. एकाचं म्हणणं, बाई भांडून गेली. दुसऱ्याचं, पहिलं बाळंतपण आहे. "पाट लावलेलीला पहिलं कसं म्हणता?" तिसरा विचारत होता. दूधवाल्याला धार सोडून बोलायची सवय. तो म्हणाला, "त्यानं जाऊन आणायला पायजे तिला. घाटावर बसून काय हुतंय?"

मी दूध न घेता परत आलो.

आजरेकर मास्तरांच्या परीक्षा संपल्या आणि ते सिनेमा बघायला आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक काखेत मारून तंबूच्या दारात हजर. मी दोऱ्या ताणत होतो, शेट हिशेब सोडून बाहेर आला, चिमणाबाई फुटाणे भाजत होती.

"लालासाब," मास्तर म्हणाले, "तुम्ही काय मांडलंय हे? ती भावजय नव्हे. ती बायको! त्याची लग्नाची बायको!"

"पांढरं नेसती की, मास्तर."

"बंगाल्यांत सवाष्ण पांढरंच नेसते. त्याला लाल काठ असतो. चित्रात लाल रंग काळा दिसतो, त्याला ती काय करणार? मंगळसूत्र नसतं त्यांच्यात. शंखाची बांगडी असते, भांगात शेंदूर असतो. आणि ती स्वयंपाकीण म्हणता ती त्याची सख्खी बहीण. ती विधवा."

चिमणाबाईनं झारा थांबवला. "सवाष्णीनं पांढरं नेसायचं, तर मग आम्ही काय नेसायचं?"

मास्तरांनी पुस्तक ह्या काखेतून त्या काखेत घेतलं. त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "आणि शेवट! अहो, ती मरते. नवरा शहरात नाटकं बघत बसतो, तिच्या आजाराचा निरोप आला तरी उद्या जातो, परवा जातो करतो, आणि पोचतो तेव्हा चिता विझत आलेली असते. सगळी कादंबरी त्यासाठी लिहिलीय. तुम्ही तिला माहेरी पाठवता!"

"मास्तर," शेट म्हणाला, "तुमच्या पुस्तकात मेली आसंल. माझ्या तंबूत न्हाय."

"ही लबाडी आहे."

"तंबू भरतोय."

"लालासाब, तुम्ही तरी सांगा. एक शब्द बोलायचा. 'मेली.' तुमचं काय जातंय?"

शेटनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मास्तरांचं सगळं खरं होतं. पुस्तकातलंही आणि लबाडीचंही. मी दोरी परत खुंटीला बांधली.

"शेवटच्या खेळाला मी येणार आहे," मास्तर म्हणाले. "पोरांना घेऊन येणार. तुम्ही खरं सांगितलं नाहीत तर मी उभा राहून सांगेन."

त्यांनी जाताना पुस्तक माझ्याकडं ठेवलं. मी शेवटची पानं वाचली. नवरा घाटावर बसतो तिथं लिहिणाऱ्यानं नदी, आकाश, पक्षी यांचं पुष्कळ लिहिलं होतं. मला ते जमत नाही. माझ्या डोळ्यांपुढं बिबीजान भाकरी खात होती.

शेवटच्या खेळाला उभं राहायला जागा नव्हती. मास्तर पुढं पडद्याजवळ, मागं त्यांची पोरं. मी स्टुलावर चढलो आणि पहिल्या रिळापासून पुस्तकाप्रमाणे सांगायला लागलो. ही बायको, ही विधवा बहीण, तिकडं सवाष्णी पांढरं नेसतात. लोकांत कुजबुज झाली.

"काल भावजय हुती की!" एकजण ओरडला. तो तिसऱ्यांदा आला होता.

"काल चुकलं," मी म्हणालो.

"मग पाट?"

"पाट न्हाय. लगीनच हाय."

हे लोकांना आवडलं नाही, पण मिठी आली, फूल आलं, आणि ते गप्प झाले. शेवटचं रीळ लागलं. नाव, नावाडी, अंथरूण. मास्तर जागेवरून अर्धवट उठले. मी शेटकडं बघितलं नाही.

"मेली," मी म्हणालो.

मोठ्यानं म्हणालो. सौद्यातला आवाज होता तो, मैदानात बाहेरसुद्धा ऐकू गेला असेल.

मग जो गोंधळ झाला तसा मी पुन्हा पाहिला नाही. "ए लालासाब, माहेरला गेलती न्हवं?" "पैसं परत द्या!" "काल जिती, आज मेली, ही काय रीत झाली?" तालमीतला एक पैलवान माझ्या स्टुलाला धरून म्हणाला, "माझी आई आलीया बघायला. तिला माहेरचं सांगून आणलंय मी. नीट सांग." कनातीपलीकडं एक म्हातारी खरंच रडायला लागली होती. शेट मशीन एका हातानं फिरवत ओरडत होता, "बोल की रं! माहेरला गेलीया बोल!"

"मेली," मी परत म्हणालो. "ताप आला आन् मेली. ह्यो वेळेवर गेला न्हाय."

फुटाण्यांचा मारा सुरू झाला. मास्तर एकटे टाळ्या वाजवत होते. त्यांच्या पोरांनी मास्तर बघतील तेवढ्यापुरत्या वाजवल्या. घाटावरचा माणूस शिव्या खात बसून राहिला. रीळ संपलं.

लोक निघून गेल्यावर मास्तरांनी माझा हात धरून हलवला. "शाबास! बघा, किती सोपं होतं." आणि पुस्तक घेऊन गेले.

मी बाकं रचत होतो. चिमणाबाई कनातीखालून वाकून इकडं आली. रिकामी टोपली तिच्या कमरेला. मला वाटलं, आता ही झोडपणार.

"दादा," ती म्हणाली. मला तिनं आधी कधी दादा म्हटलं नव्हतं. "घरातली कवा याची हाय तुझी?"

"माहेर..." मी म्हणालो, आणि हातातलं बाक खाली ठेवलं. मग म्हणालो, "मेली. नेसरीत. हा सिनेमा आला त्याच दिवशी निरोप आला."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग माझ्या हाताकडं, टोपीकडं. काही दिसतंय का बघत असावी.

"आन् तू गेला न्हाईस?"

"माती आधीच झालती."

"मग?" ती म्हणाली. "मातीवर माती घालाय कोण जाणार? मी?" तिनं टोपली खाली टाकली. "रोज रातीला तुला बघत हुते रं मी. हसत हुते. ह्यो आमचा लालासाब, बायकोबिगर करमत न्हाय त्याला, म्हणत हुते."

ती थोडा वेळ तिथंच बाकावर बसली. मग उठून उरलेली बाकं माझ्याबरोबर रचू लागली.

सकाळी डबे इचलकरंजीला गेले. मीही गेलो. शेट म्हणाला, "तिकडं माहेरलाच पाठव हं." मी पुस्तकाप्रमाणे सांगितलं. तिथल्या विणकरांनी आधीचं काही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी निमूट ऐकलं, डोळे पुसले आणि घरी गेले. आता तो शब्द माझ्या तोंडून सहज निघतो. खैरुनबीलाही परत आल्यावर सांगितलं. तिनं मला जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

बिबीजानचे दोन निरोप येऊन गेले. नेसरीची मोटार रोज सुटते. सुगराच्या कबरीवर माझी मूठभर माती अजून पडायची आहे.